मदत हवी आहे: विद्यापीठाच्या जाहिरातीतलं खरं किती आणि तिथले शिक्षक टिकतात का, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

लांज्याजवळच्या गावातून लिहितेय. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला बरे मार्क आहेत, कॉम्प्युटरला जायचंय. घाटावरच्या एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतायत, शनिवारपर्यंत २५ हजार भरून सीट पक्की करा म्हणून. नाव मुद्दाम देत नाही, पण पैसे भरायच्या आधी मला कळायला हवंय.

गेले दोन महिने बघावं तिथे यांचेच बोर्ड. एसटी स्टँडवर, हायवेला, रिक्षांच्या मागे, पेपर उघडला की आत पत्रक. शंभर टक्के प्लेसमेंट, परदेशी विद्यापीठांशी करार, कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकचा ग्रेड. बाजारात कुणाचाच विश्वास नाही, रिक्षावाले दादा म्हणाले, वहिनी, एवढं चांगलं असतं तर पोरं शोधत इथपर्यंत कशाला आले असते. आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढा खर्च करतायत म्हणजे काहीतरी असेलच.

म्हणून सोमवारी मुलीला घेऊन स्वतः बघून आले. इमारत छान, लॅब नवीन, त्यात खोट काढत नाही. मार्केटिंगचा मुलगा सगळं फिरवून दाखवत होता, मी म्हटलं शिकवणाऱ्यांना भेटव. केबिनच्या दारावर पाटीच्या जागी नुसती चार स्क्रूची भोकं, मध्ये सेलोटेपने चिकटवलेला नावाचा कागद, आणि त्याच्या खालून आधीच्या कागदांचे कोपरे डोकावत होते, दोन तरी असतील. आतल्या मॅडम वयाने लहान, पण इतक्या मन लावून बोलल्या, मुलीला एक छोटा प्रोग्राम लिहायला दिला, ती चुकली तिथे पेन्सिलने खूण करून परत विचार कर म्हणाल्या, उत्तर दिलं नाही. मला फार आवडल्या. मी सहज विचारलं, पुढच्या वर्षी तुम्हीच असाल ना? तर एकदम गप्प. तो मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा हळूच म्हणाल्या, "काकू, माझी ऑर्डर अकरा महिन्यांची असते. दहा ॲडमिशनचं टार्गेट आहे, ते झालं तर पुढची मिळेल." मे महिना सगळा फोन करण्यात गेला म्हणाल्या.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी रत्नागिरीला बीएस्सी केलं तेव्हा आमचे केमिस्ट्रीचे सर होते. तपासणीला कमिटी आली, त्या दिवसापुरती बाहेरून मागून आणलेली उपकरणं टेबलावर मांडलेली, आणि सरांनी कमिटीसमोरच सांगितलं की ही आमची नाहीत. मॅनेजमेंट खूप भडकलं, पण सर कायम होते, काढता येईना, आणि पुढच्या वर्षी आम्हाला खरोखरची उपकरणं मिळाली. आता या मॅडमनी असं काही बोलायचं ठरवलं तर? अकरावा महिना संपला की विषय संपला. हे म्हणतात कायम झालेले काहीजण तासच घेत नाहीत, तेही खरंय, आम्हालाही तसे एक होते. पण त्यासाठी सगळ्यांनाच टांगतं ठेवायचं का?

माझा मावसभाऊ टेक्सासला शिकवतो, त्याला फोन केला तर म्हणाला इथेही तेच चाललंय. तिथे टेन्युअर म्हणतात, म्हणजे सबळ कारण आणि चौकशीशिवाय काढता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये २०१५ साली ते संरक्षण राज्याच्या कायद्यातून काढून टाकलं. टेक्सासच्या सिनेटने तर २०२३ मध्ये नव्या लोकांना टेन्युअर द्यायचंच नाही असं विधेयक पास केलं होतं, शेवटी कायदा झाला त्यात टेन्युअर राहिलं, पण कोणकोणत्या कारणाने काढता येईल ते त्यात लिहिलंय. आपल्याकडे विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षक १० टक्क्यांच्या वर नकोत असं आहे, आणि जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात ती मर्यादाच गायब होती.

मुलीने रात्री बसून एनआयआरएफला (केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी) दिलेल्या माहितीची पीडीएफ त्या विद्यापीठाच्याच वेबसाईटवरून शोधून काढली. प्रत्येक शिक्षकाचं नाव, अनुभव किती महिन्यांचा, जॉइनिंगची तारीख, सगळं असतं त्यात. पानंच्या पानं नावं आणि बहुतेकांची तारीख गेल्या दोन वर्षांतली! पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, मधला पगार किती, तेही असतं, तिथे शंभर टक्के कुठेच नाही. मग पत्रक नीट बघितलं तर खाली बारीक अक्षरात 'पात्र विद्यार्थ्यांपैकी'. माझे बाबा म्हणाले, आंब्याची पेटी घेताना आपण पेंढा उचलून खालचा थर बघतो, इथे पोरीची चार वर्षं आहेत.

तर जाणकारांनी सांगा. जाहिरातीतला नॅकचा ग्रेड विद्यापीठाचा आहे की त्याच ट्रस्टच्या जुन्या कॉलेजचा हे नक्की कुठे कळेल? ती पीडीएफ कितपत धरून चालायची, की संस्था त्यातही हवं ते भरतात? खासगी विद्यापीठाला माहिती अधिकारात विचारता येतं का? आणि शनिवारी पैसे भरले, नंतर कॅपमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत) दुसरीकडे सीट लागली, तर परत मिळतात का, कुणी प्रत्यक्ष घेतलेत का?

अपडेट: माजी विद्यार्थ्यांना गाठा असं तिघांनी सुचवलंत, आभार. मुलीने दोघांशी बोलून घेतलं. एकाला तिसऱ्या वर्षी एकाच विषयाला तीन शिक्षक बदलले, प्रोजेक्टचे गाईड मध्येच सोडून गेले. दुसरा खूश आहे, नोकरी लागली. हे आता म्हणतायत शनिवार जाऊ दे, कॅपची पहिली फेरी बघू.

तक्रार करा असंही दोघांनी लिहिलंय. माझी तयारी आहे, पण मी सोमवारी गेले होते हे तिथे नोंदवलेलं आहे आणि त्या मॅडमशीच बोलले हे त्या मुलाला माहितीये. त्यांच्यावर काही येणार नाही अशी पद्धत कुणाला माहीत असेल तर तेवढं सांगा.