अरबी शिकवायला रमजानचे चित्रपट-प्रसंग: कोणते घ्यावेत?

नवाधडा
प्रौढांचा वर्ग आहे, सगळे मराठी बोलणारे. लिपी झाली, प्रमाण अरबीतली साधी वाक्यं जमतात. रमजानच्या सुमारास चित्रपटांतले इफ्तारचे प्रसंग दाखवायचा विचार आहे, पण कैरोची बोली कानावर पडली की वर्ग गप्प होतो. निम्म्यांना नोकरीसाठी आखातात जायचंय. कुठून सुरुवात करू?

जुनापडदा
दिग्दर्शक हेन्री बरकातच्या 'फी बैतिना रगुल' (१९६१) या इजिप्तच्या चित्रपटापासून. ओमर शरीफ क्रांतिकारकाच्या भूमिकेत आहे. पहारेकरी रोजा सोडण्यात गुंतलेले असताना तो रुग्णालयातून निसटतो आणि पुढे एका मध्यमवर्गीय घरात लपतो. रमजान इथे नुसता सजावटीला नाही, कथानकच त्यावर अडकलंय. म्हणून भाषा कळली नाही तरी काय चाललंय ते कळतं. संवाद संथ, एका वेळी एकच माणूस बोलतो.

नवं हवं असेल तर नट अहमद हेल्मीचा 'असल इस्वद' (२०१०). वीस वर्षांनी अमेरिकेतून परतलेला नायक असल्यामुळे लोक त्याला गोष्टी समजावून सांगतात, आपल्याला तेच हवं. पण बोलणं वेगवान आणि एकमेकांवर चढणारं, त्यामुळे नवशिक्यांना दुसऱ्या टप्प्यातच.

अलिफ_बे
निवड ठीक, पण अख्खा चित्रपट लावू नका. दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरे. आधी आवाज बंद करून दाखवा: कोण, कुठे, दिवसाची कुठली वेळ? मग आवाजासह, पण खालच्या अक्षरांशिवाय (सबटायटल बंद). तिसऱ्यांदा तुम्ही हाताने लिहून काढलेला संवाद द्या, त्यात आठ-दहा जागा रिकाम्या ठेवा. यूट्यूबवर आपोआप उमटणाऱ्या अरबी अक्षरांवर विसंबू नका. बोलीतलं वाक्य ती बऱ्याचदा प्रमाण अरबीच्या साच्यात कोंबतात, आणि विद्यार्थी ऐकायचं सोडून चुकीचं वाचत बसतात.

गप्प बसण्याचं कारण बहुतेक वेळा शब्दसंग्रह नसतो, ध्वनी असतात. दोन नियम आधी फळ्यावर लिहा. मधला हम्जा (गळ्यातला झटका) 'य' होतो: साइम → सायिम (रोजा धरलेला), नाइम → नायिम (झोपलेला). 'काफ'चा (कंठातला, 'कमर'मधला) उच्चार गळ्यातल्या झटक्यासारखा होतो, म्हणून जर्दाळूचं पेय 'कमर अद्दीन' कैरोत 'अमर इद्दीन' ऐकू येतं. सहरीला उठवणाऱ्या मसहरातीची हाक, 'इस्हा या नायिम, वह्हिद इद्दायिम' (झोपलेल्या, ऊठ, त्या चिरंतनाचं एकत्व सांग), आज्ञार्थासाठी फार सोयीची. ठेका असल्यामुळे पाठही होते.

व्याकरण एकच उचला, नकार: 'मिश सायिम' (रोजा नाही) आणि 'मफ्तिर्तिश' (मी रोजा सोडला नाही). पहिल्यात धातुसाधित, म्हणून 'मिश'; दुसऱ्यात क्रियापद, म्हणून पुढे 'म', मागे 'श'. दोन्ही एकाच दिवशी समोरासमोर शिकवली तरच फरक ठसतो.

खाडीपार
आखातात जाणाऱ्यांनी इजिप्तची बोली समजून घ्यावी, चित्रपटांमुळे ती तिकडेही सगळ्यांना कळते. पण बोलायला तीच उचलू नये. रमजानच्या शुभेच्छा कैरोत 'कुल्ल सना विन्त तय्यिब' (बाईला 'विन्ति तय्यिबा'), तर कुवेतकडे 'मुबारक अलैकुम अश्शहर'. 'रमदान करीम'ला उत्तर 'अल्लाहु अकरम', हे सगळीकडे चालतं. ताटही वेगळं: कनाफा-कतायफ या गोडाऐवजी हरीस (गहू-मांसाची खिचडी), सरीद (रश्शात भिजवलेली रोटी), लुकैमात (तळलेले गोड गोळे). रमजानच्या मध्याला मुलं दारोदार गाणी म्हणत सुकामेवा आणि गोळ्या मागतात, त्या कुवेतच्या 'गिरगीआन'ची चित्रफीत लहान असते आणि गाण्यात पुनरावृत्ती भरपूर.

नवाधडा
मालिका चालतील का? रमजानात त्यांचाच सुकाळ असतो.

अलिफ_बे
या पातळीला नको. बऱ्याचशा तीसेक भागांच्या, आणि पुष्कळशांचा रमजानशी संबंध फक्त प्रसारणाच्या वेळेपुरता. कथा गुन्हेगारीची नाहीतर भाऊबंदकीची. त्याऐवजी मोबाइल कंपन्यांच्या इजिप्तमधल्या रमजानी जाहिराती घ्या. बऱ्याचशा गाण्यातल्या आणि छोट्या, एका तासात तीनदा लावता येतात. 'बक्कार' हे न्युबियन (दक्षिण इजिप्तमधल्या) मुलाचं कार्टूनही रमजानातच दाखवत. मुलांसाठी असल्यामुळे ते मालिकांपेक्षा सोपं जातं.

जुनापडदा
एक जपा: जुन्या चित्रपटांचा ध्वनी वर्गातल्या भिंतींवर घुमतो. प्रोजेक्टरच्या स्पीकरवर भरवसा नको, वेगळा स्पीकर मागच्या बाकांजवळ ठेवा.