जुनी, छोटी, पण पळणारी गाडी घरीच दुरुस्त करणारे (सोलापूरकरांनी आधी लिहावं)

जुळे सोलापूर
काल आसरा चौकात शेजारी एक फियाट पालिओ १.६ येऊन थांबली. सिग्नल सुटला, गाडी गेली, आवाज डोक्यात राहिला. आमच्याकडे २००२ ची होती. १५९६ सीसी, १०० बीएचपी. शहरात लिटरला ९-१० च्या पुढं कधी गेली नाही, पंपावर बाबा आकड्याकडं बघायचेच नाहीत.

बारीकसारीक सगळं अंगणातच व्हायचं. गाडी घोडीवर, खाली जुनी चादर. ब्रेकची हवा काढायची असली की अख्खं घर कामाला. आई ड्रायव्हर सीटवर, बाबा चाकाशी, मी बाटली धरून. चाकाशी ब्रेकची हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, निपल, त्याला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब. दाब. आता धरून ठेव." मग बाबा निपल अर्धा आटा सोडायचे, नळीतून बुडबुडे पळायचे. निपल आवळला की "सोड". त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. आई एकीकडं कुकरच्या शिट्ट्या मोजत पेडल दाबायची, पण पाय कधी आधी सुटला नाही. बाबांना मात्र आम्ही पेडलवर बसवत नव्हतो.

तुमच्याकडं काय होतं? झेन, बलेनो, आयकॉन, काहीही चालेल.

कडक भाकरी
झेन कार्बन, २००३. तीन दारवाली. मागं बसायला कसरत, म्हणून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बहिष्कार टाकला. तो अजून चालू आहे. इंजिनचं सगळं मिळतं, साध्या झेनचंच ९९३ सीसी. रडायला लावतात ती दारं. लांब आहेत, पाच दारवाल्या झेनची काच, रबर काही बसत नाही.

पाणीपाळी
एकच सांगतो, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. तुमच्या बादलीला जो पांढरा थर धरतो तोच आत नळ्यांना धरतो. कूलंट आणि बॅटरीचं पाणी, बस. मे महिन्यात ४३ डिग्रीत एसी लावून सात रस्त्याला अडकलात की काटा कुठं जातो बघा. फॅन फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग थर्मोस्विच (इंजिन तापलं की फॅन चालू करणारा). आपल्याकडं मिस्त्री सरळ थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात, "आपल्या हवेला लागत नाही" म्हणून. काढू देऊ नका. तो रोग वेगळा, हे औषध वेगळं.

विजापूर रोड
पाण्यावरून आठवलं, आज कुणाकडं आलं का?

कडक भाकरी
आमच्याकडं पहाटे तीनला. प्रेशर नाही.

विजापूर रोड
तीनला!! म्हणजे आमचं गेलं.

माग सोडलेला
वडील यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे), त्यामुळं पाना हातात आधी आला, पेन्सिल नंतर. एस्टीमच्या लोअर आर्मचे (चाकाला धरणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्यातले रबरी गुटके, गेले होते. ग्यारेजवाला आख्खा आर्म बदला म्हणाला. आमच्या कारखान्यात मोठा व्हाइस (शिकंजा) होता. एका बाजूला बुशपेक्षा मोठी गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला आर्मच्या भोकातून जाईल एवढी छोटी. व्हाइस आवळत गेलो. बराच वेळ नुसतं करकर, मग एकदम ठप्प करून बुश मोठ्या गोटीत. नवीन बसवताना साबणाचं पाणी लावलं, ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. आणि हे महत्त्वाचं: आर्मचे बोल्ट गाडी चाकावर उतरवल्यावरच पक्के आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेला राहतो नि लवकर फाटतो.

जुळे सोलापूर
@माग सोडलेला हे शेवटचं सोन्यासारखं सांगितलंत.

चादरवाली
ती "जुनी चादर" जुनी नसते हो. आमच्या ह्यांनी लग्नात आलेली अंथरली होती, इंजिन ऑइलचा नकाशा अजून आहे तिच्यावर. शिवाय काळे हात पुसायला नेमका नवा टॉवेल सापडतो. मिलच्या गावात चिंध्यांचा दुष्काळ आहे का? हात धुवायला भांड्याचं लिक्विड नि चमचाभर साखर, नखांतलं पण निघतं.

पुण्यात अडकलेला
काय करलालाव बे सगळे, मीटिंगमध्ये हसू दाबून वाचतोय. इथं सोसायटीत गाडीखाली शिरलो की वॉचमन पाय ओढतो. म्हणून आयकॉनचं काम निघालं की अडीचशे किलोमीटर चालवत सोलापूरला नेतो. बायको म्हणते, एवढी पळते तर नीटच आहे की.

कडक भाकरी
वहिनी बरोबर आहेत.

एमएच १३
दोन गोष्टी. टायमिंग बेल्ट, इंजिनातल्या झडपांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा. "गाडी चाललीच कुठं" म्हणून बदलायचा ठेवू नका, उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं. दुसरं, आता पंपावर २० टक्के इथेनॉल. जुन्या गाडीतली पेट्रोलची रबरी नळी हातानं वाकवून बघा, भेगा दिसल्या किंवा बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी बदला. नळी स्वस्त असते, जळलेली गाडी नाही. बाकी १५ वर्षांनंतर रिपासिंग, पुढं दर पाच वर्षांनी परत, वर हरित कर. शौक आहे, तर भरा.

विजापूर रोड
आलं पाणी! मोटर लावून येतो.

नुसता वाचक
माझ्याकडं गाडीच नाही. सॅन स्टॉर्म मात्र एकदा जवळून बघितलीय, दोन सीटची, फायबरची बॉडी. मालकानं बॉडीवर टकटक करून दाखवलं, बादली वाजते तसंच वाजलं. आत रेनॉचं इंजिन, त्याचे पार्ट त्याला कुठून मिळत असतील देव जाणे.

कडक भाकरी
बरं, आयकॉनवाले, पुण्यातल्या भंगार बाजारात कार्बनच्या डाव्या दाराची काच दिसली तर उचला की. पैसे लगेच पाठवतो.

पुण्यात अडकलेला
बघतो. पैसे नको, शेंगा चटणी पाठवा. उखळात कुटलेली, मिक्सरची नको.