कोडिंगसाठी विंडो मॅनेजर: टायलिंगच हवा का?

खिडकीवेडा
सरळ मुद्द्यावर येतो. लिनक्सवर दिवसभर कोड लिहायचा असेल तर विंडो मॅनेजर (खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) टायलिंगच वापरावा, म्हणजे खिडक्या एकमेकींवर न टाकता फरश्यांसारख्या शेजारी मांडणारा, आणि त्यातही आयथ्री. मेमरी कमी खातो हे कारण मी देणार नाही. ब्राउझर जेवढी गिळतो त्यापुढे ती बचत म्हणजे चिल्लर. खरा फायदा हा की प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते. वर्कस्पेस (आभासी पडदा) १ वर एडिटर, २ वर टर्मिनल, ३ वर ब्राउझर, ४ वर लॉग. मॉड (आयथ्रीसाठी ठरवलेली की) आणि ३ दाबलं की ब्राउझर, न बघता. ऑल्ट-टॅबमधला क्रम सारखा बदलतो, त्यामुळे दर वेळी बघावं लागतं आणि तिथेच तंद्री मोडते. शिवाय सगळं कॉन्फिग एका टेक्स्ट फाइलमध्ये; गिटमध्ये टाकलं की झालं.

डीफॉल्टराव
असहमत. एवढ्यासाठी आयथ्री कशाला? ग्नोम या तयार डेस्कटॉपमध्ये वर्कस्पेसची संख्या कायम करा, प्रत्येकाला शॉर्टकट द्या, हेच मिळतं. प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही तेच, आणि ५.२७ पासून (२०२३) मेटा-टी दाबून टाइल्सचा आराखडाही आखता येतो. तुमच्या आयथ्रीत नोटिफिकेशनसाठी डन्स्ट हा वेगळा प्रोग्राम टाका, ब्राइटनेसची बटणं स्वतः बांधा, बाहेरचा मॉनिटर जोडला की पडदे जुळवणारी एक्सरँडरची कमांड आठवा. सगळे मीटिंगमध्ये ताटकळलेत आणि आपण टर्मिनलमध्ये एचडीएमआय-१ की एचडीएमआय-२ शोधतोय! पगार कोडचा मिळतो राव, डॉटफाइल्सचा (कॉन्फिगच्या फाइल्सचा) नाही.

हेडरफाइल
दोघंही जड सामान वाहताय. डीडब्ल्यूएम हा छोटा टायलिंग मॅनेजर घ्या. २००६ पासून आहे, कोड २००० ओळींच्या आत ठेवायचा हा बनवणाऱ्यांचा नियमच. सेटिंग बदलायची तर कॉन्फिग डॉट एच उघडा, बदला, कंपाइल करा. विंडो मॅनेजरचा सगळा कोड स्वतः वाचता येतो, हे सुख औरच.

डीफॉल्टराव
@हेडरफाइल, आणि जावावर चालणारा आयडीई (एडिटर, डीबगर सगळं एकत्र असलेला प्रोग्राम) उघडला की नुसती करडी रिकामी खिडकी! डीडब्ल्यूएम खिडकीला स्वतःची चौकट घालत नाही, जावाला ती अपेक्षित असते. मग एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शोधून सेट करा. ते सुख तुम्हालाच लखलाभ.

रात्रपाळी
मूळ प्रश्नच कोणी विचारत नाहीये: काम कशात करता? आयडीई फुलस्क्रीन, टर्मिनल आणि डीबगर त्याच्याच आत. मग टाइल करायला उरलं काय? टायलिंगचा उपयोग व्हिम (टर्मिनलमधला एडिटर) आणि चार टर्मिनलवाल्यांना. त्यांनाही एका टर्मिनलचे भाग पाडणारं टीमक्स आहेच.

खिडकीवेडा
@रात्रपाळी, आयडीईपुरता मुद्दा मान्य. पण बग शोधताना चालू ॲप, लॉग आणि एपीआयचं डॉक्युमेंटेशन एकाच वेळी समोर लागतं, आणि ते आयडीईत मावत नाही. टीमक्सला ब्राउझर दिसत नाही.
@डीफॉल्टराव, मॉनिटरचं दुखणं खरं आहे. पण ती स्क्रिप्ट एकदाच लिहायची आणि एका बटणावर ठेवायची. तुमचं ग्नोम अपडेट झालं की एक्सटेन्शन्स बंद पडतात, ते मात्र दर वेळी निस्तरावं लागतं.

डीफॉल्टराव
मी एक्सटेन्शन वापरतच नाही. नावातच आहे.

रात्रपाळी
लॅपटॉपचा पडदा हाय-डीपीआय (दाट पिक्सेलचा) आणि शेजारी साधा मॉनिटर असेल तर आयथ्रीऐवजी स्वे बघा. आयथ्री ज्यावर चालतो त्या एक्स११ या जुन्या डिस्प्ले व्यवस्थेवर दोन्ही पडद्यांना वेगवेगळं स्केलिंग देताना जीव जातो; स्वे वेलँड या नव्या व्यवस्थेवर आहे आणि आयथ्रीचं कॉन्फिग जवळजवळ तसंच चालतं. स्क्रीन शेअरसाठी पाइपवायर आणि पोर्टल हे मदतनीस प्रोग्राम आधीच बसवा, ऐन कॉलमध्ये नको.

हेडरफाइल
एक्स११ ला मोडीत काढायची एवढी घाई कशाला? माझा एकच मॉनिटर आहे.