छत्रीधारी सैनिकांची मैत्री जन्मभर कशामुळे टिकली?

पिंपळपान (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन छत्रीधारी सैनिकांविषयी, विशेषतः १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमधील ५०६व्या रेजिमेंटच्या ‘ईझी कंपनी’विषयी, गेले काही महिने मी वाचत आहे. लढायांचा क्रम एव्हाना ओळखीचा झाला आहे. मात्र ही माणसे युद्धानंतर पन्नास-साठ वर्षे एकमेकांना धरून कशी राहिली, हे काही उलगडत नाही. मृत्यूची छाया तर आघाडीवरच्या प्रत्येक शिपायावर होती. मग या जिव्हाळ्यामागे आणखी काही कारण असावे का?

जुनीपाने

माझ्या मते या मैत्रीचे मूळ रणांगणात नसून टोकोआच्या प्रशिक्षण तळावर आहे. १९४२ मध्ये जॉर्जिया राज्यातील या तळावर रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्यातील बहुतेक तरुण थेट नागरी जीवनातून आले होते, आणि छत्रीधारी होण्याची सक्ती कोणावरच नव्हती. उडी मारण्याबद्दल शिपायाला महिन्याला ५० डॉलर जादा मिळत, हे आकर्षण होतेच. पण करही डोंगरावर तीन मैल चढायचे आणि तीन मैल उतरायचे, तेही धावत आणि पुन्हा पुन्हा, हे केवळ पैशासाठी फार दिवस निभत नाही. ज्यांना झेपले नाही ते गाळले गेले. जे उरले, त्यांनी एकमेकांना धापा टाकताना, ओकताना आणि तरीही पुन्हा उठताना पाहिले होते. त्या डोंगराच्या चेरोकी नावाचा अर्थ ‘एकटा उभा’ असा सांगतात, आणि तेच नाव या साऱ्यांनी आपली एकत्र रणगर्जना म्हणून घेतले.

दुसरे कारण अगदी साधे आहे, पण मला ते फार महत्त्वाचे वाटते. पॅराशूट पाठीवर असते, आणि स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही. विमानात सगळे उभे राहून पॅराशूट उघडणाऱ्या आपापल्या दोरीचा आकडा वरच्या तारेत अडकवत. मग प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीवरच्या पॅराशूटची बांधणी डोळ्यांनी आणि हातांनी तपासे आणि रांगेच्या शेवटच्या माणसापासून ‘सोळा ठीक’, ‘पंधरा ठीक’ असा पुकारा दाराकडे सरकत जाई. ज्याच्या नजरेवर दर वेळी आपला जीव सोपवायचा, त्याच्याशी असलेल्या नात्याला केवळ ओळख म्हणता येत नाही.

धुके

वरील विवेचन पटते, पण याच मैत्रीला एक कुंपणही होते, हे विसरू नये. जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या (फ्रान्स) लढाईनंतर रिकाम्या जागांवर जी नवी मुले आली, त्यांना टोकोआचे जुने लोक सहजासहजी जवळ करत नसत. यात तुसडेपणापेक्षा स्वसंरक्षण अधिक होते, कारण ज्याला उद्या गमवायचे त्याच्या घरादाराची चौकशी आज करायला मन धजत नाही. मात्र याला सुंदर अपवादही आहेत. बेब हेफ्रन हा असाच मागाहून आलेला सैनिक. तो आणि कंपनीतला जुना सैनिक बिल ग्वार्नेर दोघेही दक्षिण फिलाडेल्फियाचे, पण त्यांची गाठ पडली ती कंपनीत. पुढे जन्मभर ते एकमेकांचे जिवलग राहिले. हेफ्रन डिसेंबर २०१३ मध्ये गेले आणि ग्वार्नेर मार्च २०१४ मध्ये.

जुनीपाने

कुंपणाचा मुद्दा मान्य आहे. ग्वार्नेरचे नाव निघालेच आहे, तर बेल्जियममधील बास्तोनच्या लढाईविषयी लिहितो. डिसेंबर १९४४ मध्ये ही मंडळी तेथे पोहोचली ती पॅराशूटने नव्हे, तर ट्रकमधून, आणि अंगावर हिवाळी कपडेही पुरेसे नव्हते. गोठलेल्या जमिनीत खणलेल्या खड्ड्यात दोघे-दोघे एकमेकांना बिलगून रात्र काढत. ३ जानेवारी १९४५ रोजी फॉय गावाजवळच्या जंगलात तोफांचा मारा सुरू झाला आणि कंपनीतला जो टॉय हा सैनिक जबर जखमी होऊन उघड्यावर पडला. त्याला ओढून आडोशाला आणण्यासाठी ग्वार्नेर धावला आणि स्वतःही सापडला. दोघांनीही एकेक पाय गमावला. पुढे कंपनीच्या स्नेहमेळाव्यांत ग्वार्नेर वर्षानुवर्षे पुढाकार घेत राहिला.

ओंजळ

डिक विंटर्स आणि लुईस निक्सन या रेजिमेंटमधील दोन अधिकाऱ्यांचा उल्लेख राहून गेला, म्हणून लिहीत आहे. विंटर्स दारूला स्पर्श न करणारा, साध्या घरातला. निक्सन श्रीमंत उद्योजकाचा मुलगा आणि व्हिस्कीचा शौकीन. अधिकारी प्रशिक्षणात त्यांची ओळख झाली आणि युद्ध संपेपर्यंत ते बरोबर राहिले. त्यानंतर विंटर्स काही वर्षे निक्सनच्या घरच्या कारखान्यात नोकरीलाही होते. १९५६ मध्ये निक्सनच्या लग्नात वराचा साथीदार म्हणून विंटर्स शेजारी उभे राहिले, आणि १९९५ मध्ये निक्सन वारले तेव्हा त्यांच्या पत्नीने श्रद्धांजलीचे भाषण करण्याची विनंती केली तीही विंटर्स यांनाच.

पिंपळपान

सर्वांचे मनापासून आभार. मी आजवर केवळ लढायांची पाने वाचत होतो. आता टोकोआपासून पुन्हा सुरुवात करतो.