विंडोज १० वरून ११ : क्लोन केलेल्या १८० संगणकांचे अपग्रेड कसे करावे?

पाळीवाला :

नमस्कार. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. कार्यालय, स्टोअर, गुणवत्ता विभाग आणि शॉप फ्लोअर मिळून १८० संगणक आहेत आणि ते पाहायला मी व एक शिकाऊ सहकारी असे दोघेच आहोत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा ‘संगणक चालू आहेत ना, मग कशाला हात लावायचा’ या विचाराने विषय मागे पडला. आता मात्र मोठ्या ग्राहकाच्या सुरक्षा तपासणीत त्यावर शेरा आला असून, चार महिन्यांत सर्व संगणक विंडोज ११ वर न्यावेत असा आदेश निघाला आहे.

आमची आजवरची पद्धत अशी, की एक संगणक सर्व सॉफ्टवेअरसह तयार करायचा, क्लोनझिला या साधनाने त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) घ्यायची, ती बाकीच्यांवर उतरवायची, नाव बदलायचे आणि संगणक डोमेनला, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेला, जोडायचा. विंडोजची अपडेट सर्व संगणकांना वाटणारा डब्ल्यूएसयूएस सर्व्हर आहे, क्लाउडवरून संगणक सांभाळणाऱ्या इन्ट्यूनचा परवाना नाही. डब्ल्यूएसयूएसमधूनच थेट अपग्रेड द्यावे, म्हणजे सॉफ्टवेअर आणि फायली जागच्या जागी राहतील, असा माझा विचार आहे. त्यात काही धोका आहे का, आणि जे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत त्यांचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सर्व्हरखोली :

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. इमेज घेण्यापूर्वी सिसप्रेप हे विंडोजचे साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख पुसण्यासाठी, चालवत होता का? तुमच्या क्रमात त्याचा उल्लेख नाही, म्हणून चालवला नसावा असे धरतो. तसे असेल, तर एका इमेजपासून झालेल्या सर्व संगणकांचा एसआयडी, म्हणजे विंडोज ज्याने यंत्र ओळखते तो क्रमांक, एकच आहे.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क रसिनोविच यांनी एसआयडी बदलणारे न्यूसिड हे आपले साधन मागे घेतले आणि एकसारख्या एसआयडीमुळे प्रत्यक्षात काही बिघडत नाही असे मांडले. (सिसप्रेप न करता केलेली क्लोनिंग मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितले होते, तेवढा भाग आपण सगळे सोयीने विसरलो.) पुढे कित्येक वर्षे ते खपून गेले. मात्र २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ एसआयडी तपासू लागल्या आहेत, आणि दोन यंत्रांचा एसआयडी एकच निघाला, की त्यांच्यातील कर्बेरॉस व एनटीएलएम प्रमाणीकरण, म्हणजे एकमेकांची ओळख पटवणे, नाकारले जाते. वापरकर्त्याला एवढेच दिसते, की पासवर्ड अचूक असूनही दुसऱ्या संगणकावरचे शेअर फोल्डर उघडत नाही आणि रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही. सिस्टिम लॉगमध्ये मात्र ६१६७ क्रमांकाची नोंद सापडते.

थेट अपग्रेडमध्ये सॉफ्टवेअर आणि फायलींप्रमाणेच एसआयडीही जागच्या जागी राहतो. आज विंडोज १० वर गुण्यागोविंदाने नांदणारे तुमचे संगणक अपग्रेडनंतर एकमेकांना ओळख द्यायला नकार देतील, आणि दोष अपग्रेडला दिला जाईल. म्हणून आधी पीएसगेटसिड हे छोटे साधन चालवून सर्व संगणकांचे एसआयडी एका तक्त्यात गोळा करा. ज्यांचा एसआयडी वेगळा आहे त्यांना डब्ल्यूएसयूएसमधून खुशाल अपग्रेड द्या; बाकीच्यांवर नवे विंडोज कोरेच बसवावे लागेल.

जुना माऊस :

एसआयडीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. अटींत न बसणाऱ्या संगणकांविषयी लिहितो.

टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारा सुरक्षा घटक) नाही असे दिसले, तरी संगणक लगेच बाद करू नका. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक यंत्रांत तो असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. खरी अडचण असेंबल केलेल्या संगणकांवर येते, कारण आपल्याकडे ते लावून देणारा सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देतो आणि डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची ठेवतो, विंडोज ११ च्या अटींना मात्र नवी जीपीटी पद्धत लागते. तिला जीपीटी करण्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एखादे लॉजिकल पार्टिशन असेल, तर ते काम नाकारते. कोरे विंडोज बसवताना पार्टिशन नव्याने पाडणार असाल, तर हा प्रश्न उरत नाही. मात्र डी ड्राइव्हवरचा डेटा आधी बाहेर काढा.

प्रोसेसरच जुना असेल, तर कंपन्यांसाठी विस्तारित सुरक्षा अपडेट जास्तीत जास्त तीन वर्षे विकत मिळतात. पहिल्या वर्षाचा दर प्रति संगणक ६१ डॉलर आहे, तो दर वर्षी दुप्पट होतो आणि दुसऱ्या वर्षी घेणाऱ्याला पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. तिन्ही वर्षे मिळून ४२७ डॉलर होतात. हा आकडा व्यवस्थापनाला दाखवा, नव्या संगणकांची मंजुरी लवकर मिळेल. मापनयंत्रांना जोडलेले संगणक या हिशेबात धरू नका. यंत्र पुरवणाऱ्याची लेखी संमती येईपर्यंत त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या अलग केलेल्या भागात, ठेवा आणि इंटरनेट तोडा.

पाळीवाला :

दोघांचेही आभार. सिसप्रेप आम्ही कधीच चालवला नव्हता. काल ४० संगणक तपासले, त्यांपैकी ३१ जणांचा एसआयडी एकच निघाला. उरलेले ९ कंपनीतून विंडोज बसवूनच आलेले लॅपटॉप आहेत. म्हणजे बहुतेक ठिकाणी कोरे विंडोज बसवणे आले. मग क्लोनझिला सोडून नेटवर्कवरून विंडोज बसवणारी मायक्रोसॉफ्टची डब्ल्यूडीएस किंवा एमडीटी ही साधने वापरावीत का?

सर्व्हरखोली :

त्या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. विंडोज ११ च्या डिस्कमधील बूट इमेज घेऊन नुसत्या डब्ल्यूडीएसवरून विंडोज बसवणे मायक्रोसॉफ्टने अडवले आहे, आणि विंडोज ११ साठी एमडीटीला अधिकृत सपोर्ट कधी मिळालाच नाही. क्लोनझिलाचा यात काही दोष नव्हता. नमुना संगणक ऑडिट मोडमध्ये (वापरकर्त्याचे खाते तयार होण्यापूर्वीच्या अवस्थेत) तयार करा, सिसप्रेप जनरलाइझ करून बंद करा आणि पुन्हा सुरू न करता इमेज घ्या. तयारी चालू असताना तो इंटरनेटला जोडू नका, कारण स्टोअरमधील अ‍ॅप एखाद्याच वापरकर्त्यासाठी अपडेट झाले, तर सिसप्रेप तिथेच अडून बसते.

पहिल्या तुकडीत दहाच संगणक घ्या, पण प्रत्येक विभागाचा एक घ्या. लेबल प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि हजेरीचे यंत्र यांची परीक्षा तिथेच होईल. २४एच२ पासून एसएमबी सायनिंग (शेअर फोल्डरच्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही) सक्तीचे आहे आणि प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून शेअर उघडणेही बंद झाले आहे, त्यामुळे पासवर्डशिवाय उघडणारा जुना नॅस (नेटवर्कवरचा फायलींचा साठा) असेल, तर त्यावर आधी वापरकर्ते तयार करा. मराठी पत्रे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्टही जपून ठेवा, नाहीतर जुन्या नोटिसा कोणालाच वाचता येणार नाहीत. लेखा विभागाला महिन्याच्या २० तारखेनंतरच हात लावा. जीएसटीचे विवरणपत्र त्याच दिवशी भरायचे असते.

पाळीवाला :

नॅसवर पासवर्ड नाहीच. या शनिवारी तो बदलतो आणि पुढच्या आठवड्यात स्टोअरपासून सुरुवात करतो. लेखा विभागाची तारीख २३ ठरवली आहे.