विनोदी नटांवरील नाट्यपट: अभिनय चांगला, पण काळ चुकला तर?

प्रश्न: सोलापुरातील आमच्या हौशी नाट्यमंडळात बीबीसीच्या ‘द कर्स ऑफ स्टेप्टो’ (२००८) या नाट्यपटावर चर्चा झाली. तो ‘स्टेप्टो अँड सन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतील नटांवर आहे. त्यांपैकी हॅरी एच. कॉर्बेट यांच्या कुटुंबीयांनी घटनांचा काळ चुकल्याचा आक्षेप घेतल्यानंतर त्यात बदल करावे लागले. अशा वेळी नटांच्या कामाचे मोल कमी होते का?

उत्तर १: माझ्या मते होते, कारण घटनांचा क्रम बदलला की माणसाच्या वागण्यामागचे कारणच बदलते आणि अभिनय जितका सकस, तितके ते चुकीचे कारण प्रेक्षकांच्या मनात पक्के बसते.

उत्तर २: दादा, दोष संहितेचा आहे, नटांचा नव्हे. ‘एरिक अँड अर्नी’ या ब्रिटिश विनोदी जोडीवरील नाट्यपटात (२०११) डॅनियल रिग्बी यांनी नुसती नक्कल न करता १९५४ च्या अपयशी मालिकेने खचलेला तरुण एरिक मोरकम्ब उभा केला, त्यांना मिळालेला बाफ्टा हा ब्रिटिश दूरचित्रवाणी पुरस्कार सार्थच होता.

उत्तर ३: उत्तर २ देणाऱ्या ताईंशी सहमत. मात्र हयात नातेवाइकांना संहिता आधी दाखवावी.