अमोनियाच्या अभिक्रियेत मुक्त ऊर्जेतील बदल धन का येतो?

प्रश्न:
२९८ केल्विन तापमानाला नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार होताना गिब्ज मुक्त ऊर्जेत (अभिक्रिया आपोआप घडू शकेल का हे जिच्या बदलावरून कळते ती राशी) होणारा बदल मी काढत आहे. अमोनियाची प्रमाण निर्मिती एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून संयुग तयार होतानाचा उष्णतेतील बदल) तक्त्यातून −४६.१ किलोजूल प्रति मोल अशी घेतली. एन्ट्रॉपीतील (अव्यवस्थेच्या मापातील) बदल १ मोल नायट्रोजन, ३ मोल हायड्रोजन आणि २ मोल अमोनिया या संतुलित समीकरणावरून −१९८.७ जूल प्रति केल्विन आला. एन्थाल्पीतील बदलातून तापमान व एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा केल्यावर उत्तर +१३.१ किलोजूल मिळते. पुस्तकातील उत्तर मात्र ऋण आहे. चूक कोठे होत असावी?

उत्तर १:
आकडेमोड बरोबर आहे, पण त्यातील दोन पदे दोन निरनिराळ्या समीकरणांची आहेत. निर्मिती एन्थाल्पी १ मोल अमोनियासाठी दिलेली असते, तर तुमची एन्ट्रॉपी २ मोलांची आहे. एन्थाल्पीलाही २ ने गुणून −९२.२ घ्या, म्हणजे उत्तर सुमारे −३३.० किलोजूल येईल. अर्धा मोल नायट्रोजन आणि दीड मोल हायड्रोजन असे समीकरण लिहिले, तर सर्वच राशी निम्म्या होतात आणि उत्तर −१६.५ येते. दोन्ही उत्तरे योग्यच आहेत, कारण येथे ‘प्रति मोल’ याचा अर्थ ‘लिहिलेल्या समीकरणानुसार एक मोल अभिक्रिया’ असा असतो. म्हणूनच समीकरण न देता नुसता आकडा लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात, आणि ते योग्यच आहे. आणखी एक गोष्ट: मूलद्रव्यांची निर्मिती एन्थाल्पी शून्य धरतात म्हणून त्यांची एन्ट्रॉपीही शून्य धरू नये. हायड्रोजनची १३०.७ जूल प्रति केल्विन प्रति मोल आहे आणि तिला ३ ने गुणावेच लागते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पण मग समतोल स्थिरांकही (समतोलात उत्पादिते व अभिकारके यांचे प्रमाण दाखवणारा आकडा) निम्मा होतो का?

उत्तर २:
नाही, त्याचे वर्गमूळ घ्यावे लागते. मुक्त ऊर्जेचा संबंध स्थिरांकाच्या लॉगॅरिदमशी असल्यामुळे पूर्ण समीकरणासाठी तो सुमारे ६ लाख, तर निम्म्या समीकरणासाठी सुमारे ७७५ येतो. प्रत्यक्ष मिश्रणातील अमोनियाचे प्रमाण यामुळे बदलत नाही, कारण स्थिरांकाच्या सूत्रातील घातांकही समीकरणातील त्याच सहगुणकांवरून (पदार्थांआधीच्या मोलसंख्यांवरून) ठरतात.

उत्तर ३:
विद्युतघटाचे विभव मात्र सहगुणकांनी कधीही गुणू नये. डॅनियल घटाचे (जस्त व तांबे यांच्या विद्युतघटाचे) समीकरण दुप्पट केले, तर मुक्त ऊर्जेतील बदल −२१२ वरून −४२४ किलोजूल होतो, पण इलेक्ट्रॉनांची संख्याही २ ची ४ होते, त्यामुळे विभव १.१० व्होल्टच राहते.